कृष्णनाथाचा पांढरा फिल्टर

माझा धाकटा भाऊ कृष्णनाथ सुर्ल्याला एकटा राहतो आणि शाळेची बस चालवतो. वय चौपन्न. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, राहून गेलं. पण गावात त्याच्याबद्दल वाईट बोलणारं एक माणूस दाखवा. बसमधल्या पंचवीस पोरांची नावं, त्यांच्या आयांची नावं, कुणाला बस लागते, कुणाला जनेलाकडची, म्हणजे खिडकीजवळची सीट हवी, सगळं तोंडपाठ. मी सुलोचना, त्याची थोरली बहीण, मुळगावात राहते. तोंडाने फटकळ आहे हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी रिकामी बस घेऊन येताना त्याला डुलकी लागली आणि बस गटारात गेली. कुणाला खरचटलंही नाही. झोपेत याचा श्वास रात्रभर अडत असतो, म्हणून दिवसा डोळा लागतो, असं डॉक्टर म्हणाले. मग सीपॅप मशीन आलं. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि मशीन रात्रभर हवा सोडत राहतं. महिन्याभरात माणूस बदलला. शीतल टीचर म्हणजे शाळेच्या हेडमिस्ट्रेस. त्यांनी त्याला परत बसवर घेतलं, पण आधी मला बोलावून विचारलं, हा मशीन रोज लावतो याची जबाबदारी कोण घेणार? मी छाती ठोकून म्हटलं, मी घेते.

मशीनच्या मागे एक झाकण आहे, त्यात बोटभर पांढरा फिल्टर. आत जाणारी हवा त्यातून गाळून जाते. तो धुवायचा नाही, महिन्याने बदलायचा, मळलेला दिसला तर आधीच, असं आम्हाला सांगितलं होतं. आता सांगणारा सुर्ल्याला कशाला आला असेल? इथे लोखंडाच्या खाणीचे ट्रक सुरू झाले की केळीची पानंसुद्धा लाल होतात. पंधरा दिवसांत फिल्टर विटकरी. याच्यावर सोडलं तर उद्या करतो म्हणेल, म्हणून एका रविवाराआड मीच जायची आणि बदलायची.

जुना फिल्टर मी टाकत नसे. कागदावर तारीख लिहून बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. डॉक्टरांना दाखवायला, असं म्हणायची, पण खरं सांगू का, दाखवायची ती कृष्णनाथालाच. दर वेळी डबा उघडून त्याच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, बघ रे, काय जातंय तुझ्या छातीत, झोप आणखी जनेल उघडं टाकून. तो बघायचा आणि जनेल लावून घ्यायचा. मला वाटायचं, बरं झालं, काहीतरी डोक्यात शिरलं.

फेब्रुवारीतला एक रविवार. महिनाभर ट्रकांची रांग थांबली नव्हती. मी झाकण उघडलं तर फिल्टर पांढराशुभ्र, घातला होता तस्सा. याने स्वतः बदलला म्हणावं, तर नवी पाकिटं माझ्याच पिशवीत. मास्कच्या पट्ट्यावर बोट फिरवलं, बोट लाल झालं. पंधरा दिवस याने मशीन लावलंच नव्हतं. मी तिथेच खाटेवर बसले. उद्या सोमवार, उद्या सकाळी पंचवीस पोरं याच्या मागे बसणार होती.

तो चुलीकडे चहा गाळत होता. मशीन लावतोस ना, विचारलं. लावतो, म्हणाला, माझ्याकडे न बघता. मी फिल्टर त्याच्यासमोर ओट्यावर ठेवला आणि मग माझं तोंड सुटलं. पोरांच्या आयांना काय तोंड दाखवशील म्हटलं, टीचरना दिलेला शब्द काढला, गेलेल्या आईलासुद्धा सोडलं नाही.

"आक्का, ते लाल तूच दाखवत होतीस गो," तो म्हणाला. "छातीत जातं म्हणत होतीस. आपल्या शेजारचा शिवदास खाणीवर होता, त्याची छाती शेवटी कशी झाली ती मी बघितलीय. मला वाटलं, मशीन धूळ ओढतं आणि जोराने माझ्यात सोडतं. गेल्या खेपेचा तर सगळ्यात लाल होता, मी भ्यालो."

ते लाल म्हणजे आत न गेलेली धूळ, हे मी दोन वर्षांत त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. नुसता धाक दाखवत बसले, तेही उलटं सांगून. घाबरत घाबरत विचारलं, बस चालवताना काही झालं का? झालं होतं. गुरुवारी, पुलाच्या वळणावर, पोरं आत असताना. मागून पहिलीतली पूजा ओरडली म्हणून डोळे उघडले. मग त्यानेच खिळ्यावरची बसची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मी टीचरना फोन करून सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, पंधरा दिवस शाळेचा दुसरा ड्रायव्हर तुषार बस चालवेल, पुढचं डॉक्टर काय म्हणतात ते बघून ठरवू. फोन ठेवून मी चहाची गाळणी उचलली आणि कृष्णनाथाला दाखवली. गाळणीत राहिलेली पूड कपात येते का रे? त्याने वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि नाही म्हणून मान हलवली.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सकाळ-संध्याकाळ फोन करायची. लावलंस? लावलं. पण 'लावतो' तर तो आधीही म्हणत होता. शेजारीण सांगायची, रोज सकाळी बसच्या वेळेला हा फाटकाशी उभा असतो, पोरं हात करतात आणि हा मान खाली घालून आत जातो. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, मशीन रोज लावत असेल तर बस चालवायला हरकत नाही. लावत असेल तर.

रविवारी मी जाऊन झाकण उघडलं. कृष्णनाथ दारातच थांबला होता, आत येत नव्हता.

"आक्का, कसा आहे?"

"लाल आहे रे," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. "लालभडक आहे."

मग मी टीचरना फोन लावून सांगितलं, याने रोज लावलंय. बोलणं संपेपर्यंत तो फिल्टर माझ्या मुठीतच होता.