चिखल लावलेला पडदा

जगातली कुठलीही गोष्ट समोरून बघून कळते, यावर माझ्या वसतिगृहातल्या सोबत्याचा काडीचाही विश्वास नव्हता. तो ती शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यातून बघे. एकोणीसशे साठच्या सुमारास आम्ही दोघे विद्यापीठात नाट्यशिक्षण घेत होतो. मी अभिनयाचं, तो नेपथ्य आणि प्रकाशयोजनेचं. एका मित्राच्या लग्नात अक्षता टाकायच्या सोडून हा मांडवाच्या टोकाला जाऊन उकिडवा बसला आणि मुलीच्या मामांना म्हणाला, "इथून नवरी दिसतच नाय. भटजींना दोन फूट सरकवा." भटजी सरकले. त्याच्या बोलण्यात असा काही अधिकार होता, की माणसं आधी सरकत आणि मग चिडत. आमच्या खोलीत चहाचं पातेलं एकच, आणि त्यातच हा पडद्यांच्या रंगात घालायचा चिकट सरस उकळत असे. एकदा त्या पातेल्यातला चहा रेक्टरांच्या वाट्याला आला. दोन घोट घेऊन ते बराच वेळ ओठ मिटून बसले. पुढे महिनाभर ते आमच्या खोलीकडे फिरकले नाहीत.

तो शिरवणे गावचा. ठाण्याच्या खाडीकाठी त्याच्या घरचं मिठागर होतं. त्या काळी आमच्या नाट्यगृहात दिवे मंद करायला मिठाच्या पाण्याच्या बरण्या असत. पाण्यात पत्रा खाली सोडला की दिवा उजळे, वर ओढला की विझत जाई. हे पहिल्या दिवशी कळलं तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं. बाजारचं मीठ त्याला चालेना. सुट्टीहून येताना तो घरचं मीठ गोणीतून आणी आणि सांगे, "आमच्या आगराच्या मिठात संध्याकाळ कशी सावकाश होते, बघ." एकदा मी गुपचूप वाण्याकडचं मीठ घातलं. त्या दिवशीची संध्याकाळ बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं काय ते मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.

त्याच्या वडिलांना मात्र हे शिक्षण म्हणजे शुद्ध वेड वाटे. "चार पिढ्यांनी मीठ पिकवलं, आन् हा त्यात दिवे बुरवतो," असं ते, 'ड'चा 'र' करणाऱ्या तिथल्या बोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शेवटच्या वर्षाआधी त्यांनी अट घातली. चैत्री पुनवेच्या जत्रेत गावच्या नाटकाचा पडदा त्यानं करायचा. गावानं मान डोलावली तर विद्यापीठात परत जायचं. नाही तर बांधावर फावडं वाट बघतच होतं. मला तो मदतीला म्हणून घेऊन गेला. महिनाभर खपून त्यानं पहाटेची खाडी रंगवली: पलीकडे मावळतीला टेकलेला पुनवेचा चंद्र, काठोकाठ पाणी आणि त्यावर लांबच लांब चंदेरी पट्टा. पुढ्यात नायकानं बसून जायची लाकडी होडी. असा पडदा मी पुढे मोठमोठ्या नाट्यगृहांतही पाहिला नाही.

दिवेलागणीनंतर गॅसबत्त्यांच्या उजेडात पडदा उघडला. टाळी पडली नाही. सगळं गाव नुसतं टक लावून बघत राहिलं. मग पहिल्या रांगेतून मासळी विकणाऱ्या एक मावशी उठल्या.

"पुनवेचा चांद बुरतो तवा खारीला पानी असतं? तवा सुकती असते रे. निसता चिखल."

"ही होरी कशी तरंगते मंग?" मागून कोणीतरी विचारलं, आणि सगळं गाव हसत सुटलं.

पौर्णिमेच्या पहाटे ओहोटी असते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माझ्या सोबत्यालाही होतं. पण चांदणं दाखवायचं तर खाली पाणी हवं, असं आमच्या सरांनी शिकवलं होतं, आणि जन्मभर डोळ्यांनी पाहिलेलं सोडून तो वहीत लिहिलेलं मानून बसला होता. मी विंगेतून त्याच्या वडिलांकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते. त्याचं शेवटचं वर्ष गेलं, असं मला वाटलं.

तो रंगमंचावर आला, नेहमीच्या सवयीनं उतरून थेट शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात गेला, उकिडवा बसला आणि पडदा बघून म्हणाला, "मावशी, तुमचं बरोबर हाय. चिखल आना."

घमेली आली. खरा, खाडीचा, वास मारणारा चिखल. तो हातांनी चिखल फासून पडद्यावरचं पाणी पुसत निघाला, आणि बघता बघता अर्धं गाव रंगमंचावर चढलं. कोणी होडी कलती केली, कोणी कागदाचे बगळे बसवले. होडीतून निघून जाणारा नायक शेवटी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून चिखलातून चालत गेला, आणि त्याला अशी टाळी पडली की तो दोनदा परत येऊन गेला.

पण नाटक पुढे सुरू होण्याआधी एक गोष्ट घडली. सगळे खाली उतरल्यावर त्याचे वडील वर गेले. बोट चिखलात बुडवून त्यांनी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ ओढली. "ह्यो आपला बांध. तू इसरलास," ते म्हणाले. मग हात धोतराला पुसत पुटपुटले, "जाताना मीठ ने. सुकं काढून ठेवलंय."

त्या खाडीवर पुढे भराव पडला, शहर आलं. मिठागर गेलं, वडीलही गेले. तो पडदा मात्र त्याच्या माळ्यावर घडी करून ठेवलेला आहे. मी गेलो की तो उलगडतो आणि मला खोलीच्या पार कोपऱ्यात बसवतो. रंग पार उडाला आहे, चंद्रही नीट दिसत नाही. डाव्या कोपऱ्यातली रेघ तेवढी अजून आहे. "दिसते ना तिथून?" तो विचारतो. दिसते, मी म्हणतो. मग तो ती घडी अशी घालतो, की रेघेवर मोड येऊ नये.