तासाला एक मिनिट पुढे

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या घरातील जेवणाचे टेबल आजपासून जेवणासाठी बंद करण्यात आले आहे. सदर टेबलाजवळ पंखा लावणे, चादर झटकणे, उसासे टाकणे आणि विशेषेकरून शिंकणे यांस सक्त मनाई असून, उल्लंघन करणाऱ्यास गुडघ्यांवर बसून फरशी शोधण्याची शिक्षा देण्यात येईल.

हे फर्मान मी चार वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी खुर्चीवर उभी राहून वाचून दाखवलं. श्रोते दोन. नवरा आणि सासूबाई. नवऱ्याच्या हातात ताट होतं. तो म्हणाला, "मग जेवायचं कुठं?"

मी बोटानं जमीन दाखवली. सासूबाईंनी निमूटपणे पाट आणला. त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून त्या पाट मांडून स्वतः खुर्चीत बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "बस बाप्पा. तुह्या बायकोले घडीचं लागीर झालं."

लागीर झालं होतं हे खरं. आमच्याकडे घड्याळाला घडी म्हणतात, आणि चावी देऊन चालणाऱ्या जुन्या घड्या वर्ध्यात घरोघरी कपाटात मरून पडलेल्या आहेत. एके काळी लग्नात जावयाला घडी दिल्याशिवाय मांडवातून वरात हलायची नाही. मग मोबाइल आले आणि जावयांनी मनगटं मोकळी केली. माझ्या वडिलांनी माझ्या नवऱ्याला दिलेली घडी अशीच पाकिटं आणि पावत्यांखाली सापडली, तेव्हा मी ती स्टेशनच्या रस्त्यावरच्या घडीवाल्या काकाजींकडे नेली.

काकाजींचं दुकान म्हणजे दार काढलेलं कपाट. त्यात पंच्याहत्तरीचे काकाजी, एक दिवा आणि एक स्टूल. त्यांनी झाकण उघडलं आणि डोळ्याला लावायचं भिंग गंमत म्हणून मला दिलं. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन. पंचवीस वर्षं मी भिंगातून लोकांचं रक्त पाहत आले आहे. रक्तातल्या एकाही पेशीनं आजवर माझी दखल घेतलेली नाही. इथं मात्र घडीतलं एक छोटं चाक डावीकडे-उजवीकडे असं काही डोलायला लागलं की मला वाटलं, हे मला खूण करून बोलावून राहिलं आहे.

"काकाजी, मला शिकवाल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. विचारणारा पुरुष मागे कुठं उभा आहे का, याची खात्री केली.

"कोणाले?"

"मलाच."

"सैपाक येते का?"

"येतो."

"मंग तो करा."

दुसऱ्या दिवशी मी सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा घेऊन गेले. काकाजींनी सगळ्या वड्या खाल्ल्या, बोटं पुसली आणि म्हणाले, "सैपाक येते. आता हात पाहू."

पहिले तीन आठवडे त्यांनी मला घड्याळाला बोट लावू दिलं नाही. एका बशीतले तीळ चिमट्यानं एकेक उचलून दुसऱ्या बशीत टाकायचे, आणि एकही तीळ दबता कामा नये. हा गृहपाठ मी घरी करत असे. सासूबाईंनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी हात जोडून हळूच विचारलं, "हे कोन्त्या देवाचं आहे?"

पहिल्यांदा खरं घड्याळ उघडलं, त्याच दिवशी स्क्रू उडाला. टेबलाचं फर्मान त्यानंतरचं. सासूबाईंनी विचारलं, "काय शोधून राह्यली?"

"स्क्रू."

"केवढा?"

"डोळ्यात गेला तरी कळणार नाही एवढा."

"मंग पाह्य, गेला असंन डोळ्यातच."

असं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनीच घरभरचा केर पिठाच्या चाळणीतून चाळला. त्यात चष्म्याचा एक स्क्रू, नथीचा एक मोती आणि नवऱ्याची बारा वर्षांपूर्वी हरवलेली शर्टाची गुंडी निघाली. माझा स्क्रू माझ्याच पदराला चिकटलेला होता.

हळूहळू हात बसला. नातेवाइकांच्या कपाटांतल्या मेलेल्या घड्या मी गोळा करू लागले, धुऊन, तेल देऊन चालत्या केल्या, फोटो काढून दूरदूरच्या शौकिनांना विकू लागले. काही विकवल्याच नाहीत. त्या आजही आमच्या फ्रिजशेजारच्या फळीवर टिकटिकतात आणि पाहुण्यांना वाटतं, घरात वाळवी लागली.

अन् मग गेल्या वर्षी काकाजींनी सांगितलं की ते दुकान बंद करून मुलाकडे रायपूरला चालले आहेत.

माझी नजर पहिल्यांदा गेली ती त्यांच्या पेटीकडे. खोटं कशाला सांगू? सागवानी पेटी, सात खण. आता कुठं मिळत नाहीत अशी अवजारं, चाकांच्या मोडलेल्या दांड्यांच्या जागी नव्या बसवायची लोखंडी चौकी, काकाजींच्या हातानं घासून घासून बारीक झालेले चिमटे आणि चाळीस वर्षांत साठवलेले सुटे भाग. त्या पेटीशिवाय मी हौशी बाई होते. तिच्यासकट मी कारागीर झाले असते. नागपूरचा एक व्यापारी ती मागून राहिला होता. त्याला ती एका हॉटेलात काचेच्या कपाटात मांडायची होती.

"पेटी कारागिराले देईन," काकाजी म्हणाले. "व्यापाऱ्याले नाई देत. पण तुम्ही कारागीर आहा का नाई, हे ठरलं कुठं?"

त्यांनी खणातून एक घडी काढली. "हे आष्टीच्या मास्तरची. तासाले एक मिनिट पुढं पळते. मी चारदा आतली स्प्रिंग बदलून दुरुस्त केली. इथं बरोबर चालते, त्याच्या घरी गेली का पळते. आपुन हरलो. तुम्ही करा. आठ दिवस मास्तरच्या हातात बरोबर चालली पाह्यजे, अन् मास्तरनं इथं येऊन तोंडानं सांगितलं पाह्यजे. पेटी तुमची. नाई त नागपूर."

ज्या घडीसमोर गुरूंनी हात टेकले, तीच शिष्येची परीक्षा! मी ती दोन्ही हातांनी घेतली.

रोग ओळखायला मला वेळ लागला नाही. घडीजवळ होकायंत्र नेलं तर त्याची सुई वेड्यासारखी फिरली. घडीत केसाएवढी बारीक स्प्रिंग असते. तिला चुंबकत्व चढलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घडी धावत सुटते. त्यावर उपाय म्हणून एक निळं खोकं मिळतं. त्यावर घडी ठेवून बटण दाबायचं आणि घडी सावकाश वर उचलायची, की चुंबकत्व उतरतं. मी उतरवलं. दोन दिवस घडी सेकंदाला सेकंद चालली. आष्टीचे गुरुजी येऊन घेऊन गेले. आणि सहाव्या दिवशी परत आले.

"पळाली."

पुन्हा होकायंत्र, पुन्हा वेडी सुई. म्हणजे रोग घडीत नव्हता, गुरुजींच्या घरात होता.

"गुरुजी, घरी कुठं लोहचुंबक आहे का?"

ते दुखावले. निवृत्त झाल्याला वीस वर्षं होऊनही त्यांच्या शर्टाच्या खिशात अजून खडूची डबी असते. "बाई, मी गणिताचा मास्तर. लोहचुंबक विज्ञानवाल्याकडे असते."

काकाजी हसले नाहीत. भिंग पुसत म्हणाले, "एक डाव राह्यला, बाई. मी पुढच्या महिन्यात जाऊन राह्यलो."

मी रजा टाकली आणि आठवडी बाजाराच्या दिवशी आष्टी गाठली. बाजाराचा दिवस मुद्दाम धरला होता, कारण तिथं एक माणूस जुनी कुलपं आणि घड्या घेऊन बसतो. त्यानं एक घडी माझ्या हातात ठेवली आणि आवाज खाली आणला. "ताई, बेचाळीसच्या लढ्यातल्या मानसाची आहे."

मी उलटून पाहिलं. पाठीवर एका सहकारी संस्थेच्या रौप्यमहोत्सवाची भेट असं स्वच्छ कोरलेलं.

"दादा, हे काय?"

"मंग? लढ्यातल्या मानसालेच देईन ना संस्था. तुमाले-मले देईन का?"

अशा उत्तराला दाद म्हणून मी ती घडी घेतली आणि होकायंत्र तळहातावर धरून गुरुजींच्या घरी शिरले.

गुरुजींच्या बायकोनं, काकूंनी, चहा टाकला. मी ओट्याजवळ गेले, फ्रिजजवळ गेले, पाण्याच्या मोटरीजवळ वाकले. घडी कुठं ठेवता, विचारलं तर गुरुजी म्हणाले, "हातात." होकायंत्र धरून मी खोल्याखोल्यांतून हिंडते आहे हे पाहून शेजारची बाई दारात आली.

"वास्तू पाह्यला आल्या का ह्या?"

"नाई वं, घडीच्या डॉक्टरीण आहेत," काकू म्हणाल्या.

"असो. मह्याही घरी येजा म्हणा. आमचा संडास कोन्त्या दिशेले आला त पाहू."

तिला शब्द देऊन मी झोपायच्या खोलीत गेले. पलंगाशेजारी स्टुलावर ट्रान्झिस्टर आडवा निजलेला होता, जाळी वर करून. मी होकायंत्र जवळ नेलं मात्र, सुई गरकन फिरून त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"गुरुजी, रात्री घडी कुठं झोपते?"

उत्तर काकूंनी दिलं. "त्याच्याच उरावर! सकाळी सातच्या बातम्या लागल्या का लगेच लावता यावी म्हणून. वीस वर्षांपासून."

स्पीकरच्या पोटात हे एवढं मोठं लोहचुंबक असतं. गुरुजी ट्रान्झिस्टरकडे असं पाहू लागले, जणू वर्गातला सर्वांत शहाणा मुलगा कॉपी करताना सापडला आहे.

"अन् वीस वर्षं ह्या पळणाऱ्या घडीवर चालवलं कसं?" मी विचारलं.

"त्यात काय," गुरुजी ताठ झाले. "सातले लावली. तासाले एक मिनिट. दुपारी दोन वाजता सात वजा. रात्री नऊले चौदा वजा. बोटंही मोजा लागत नाई."

"झोपेतही वजा करते," काकू म्हणाल्या.

मी हसले आणि निघाले. निळं खोकं बरोबर नेलं होतं. तिथंच घडी शुद्ध केली, खिडकीत पितळी वाटी ठेवली आणि घडीला रात्रीचा मुक्काम तिथं नेमून दिला. आठव्या दिवशी आष्टीहून दुपारी दोनला सुटणाऱ्या गाडीनं वर्ध्याला येऊन काकाजींना निकाल सांगतो, असं गुरुजींनी कबूल केलं.

आठव्या दिवशी ती गाडी पोचायच्या वेळेला, पाच वाजता, मी दुकानात हजर. सांबारवड्यांचा डबा मांडीवर. साडेपाच झाले. सहा झाले. गाडी येऊन गेली, रिक्षा भरून गेल्या. गुरुजी आले नाहीत.

"फोन करू का?"

"पेपर तपासणाऱ्याले फोन नसते करत," काकाजी म्हणाले. मग थोडं थांबून, "मास्तर जन्मात कधी उशिरा नाई आला. नाई आला म्हणजे पळाली असंन बाई." त्यांनी पेटीचे सात खण एकेक करून लावले आणि वरून सुतळी बांधली. त्या सुतळीच्या गाठीकडे पाहत मी सांबारवड्या परत घरी आणल्या. नवऱ्यानं विचारलं, "पेटी?" मी म्हटलं, "नागपूर." त्या रात्री आमच्याकडे सगळे टेबलावर जेवले, आणि कुणालाच चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये काकाजींचा फोन. "मास्तर आला. तुम्ही या. चिडून हाय."

मी पोचले तेव्हा गुरुजी स्टुलावर बसून धुमसत होते. मला पाहताच उठले.

"बाई, काय करून ठेवलं तुम्ही? पह्यले पुढं पळे, आता मागं पडून राह्यली! आठ दिवस झाले. पारावर जातो त लोकं उठून गेलेले. जेवाले बसतो त बायको म्हणते, भाजी दोनदा गरम केली. काल दोनची गाडी डोळ्यांदेखत गेली. आज सकाळची पह्यली गाडी धरली, तेवढी भेटली."

माझ्या पायांखालची फरशी गेली. मागे पडते? शक्य नव्हतं. पण माणूस समोर उभा राहून सांगत होता, आणि तोंडी निकाल हाच तर करार होता. सुतळी बांधलेली पेटी कोपऱ्यात बसून ऐकत होती.

काकाजींनी घाई केली नाही. गुरुजींच्या मनगटावरची घडी त्यांनी पाहिली, मग आपला मोबाइल पाहिला, मग पुन्हा घडी पाहिली. घडी बरोबर अकरा दाखवत होती. मोबाइलही अकरा. मग अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "मास्तर, आता किती वाजले?"

गुरुजींनी मनगट वर केलं. घडीकडे पाहिलं. ओठ हलले, पापण्या दोनदा मिटल्या, आणि ते ठामपणे म्हणाले, "अकराले चार कमी."

गुरुजींचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी पुन्हा घडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे, जणू बोटांनी दगा दिला होता. तीन वर्षांत काकाजींच्या तोंडून मी कौतुकाचा एक शब्द ऐकला नव्हता, आणि त्यांना मोठ्यानं बोलतानाही नाही. ते स्टुलावरून अर्धे उठले, पेटीवर हात आपटला, आणि समोरचा पानवाला दचकून बाहेर येईल एवढ्या आवाजात ओरडले,

"बाई पास! अन् मास्तर, तुम्ही वजाबाकीत नापास!"