लालबाई आणि रांजणातला राक्षस

लालबाई हसायच्या त्या फक्त नाकातून. तोंड उघडून हसावं असं जगात काही शिल्लक आहे, असं त्यांना वाटत नसे.

पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची, तो काळ. रंग हवा असला तर तोही हाताने भरावा लागे. राक्षस, पऱ्या आणि उडते पलंग यांची चित्रं जिथे निघत, त्या कारखान्याच्या मागच्या लांबट खोलीत बायका ओळीने बसून हा रंग भरत. टेबलाला काच, काचेखाली दिवा, काचेवर फिल्मची पट्टी आणि डोळ्याला भिंग. नखाएवढ्या चौकटीत एकेकीने एकेकच रंग भरायचा. कुणाकडे पिवळा, कुणाकडे निळा. लालबाईंकडे लाल, म्हणून नावही तेच पडलेलं. आग, रक्त, राणीचा शेला आणि राक्षसाची जीभ एवढंच त्यांच्या वाट्याला येई, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी सगळ्या चित्रधंद्याबद्दल मत बनवून टाकलं होतं.

हा सगळा पोरखेळ आहे, असं ते मत. लोक ज्या उडत्या जादूगाराकडे आ वासून बघत, त्याच्या कमरेची दोरी त्यांनी भिंगातून चौकटीचौकटीत पाहिलेली असे. दोरीच नव्हे, दोरीची गाठही, आणि ती मारणारा गबाळा असणार हेसुद्धा. समुद्र म्हणजे रंगवलेलं कापड. त्याच्याखाली माणसं वाकून लाटा हलवत, आणि त्यातल्या एखाद्याला शिंक आली की समुद्राला उचकी लागे. चंद्र पुठ्ठ्याचा, आणि चंद्राच्या भोकातून तोंड काढून डोळे मिचकावणारा माणूस एरवी फाटकावर राखणीला असे. मुंडकं हवेत तरंगवायचं तर माणसाच्या अंगावर काळी मखमल घालून त्याला काळ्या पडद्यापुढे उभं करत. पण मखमलीला कसर लागलेली, त्यामुळे मुंडक्याखाली दोन-चार पांढरे ठिपकेही तरंगत. प्रेक्षकांना ते तारे वाटत. लालबाईंच्या मते प्रेक्षक म्हणजे मेंढरं. तिकीट काढून फसवून घेतात आणि वर टाळ्या वाजवतात.

चित्रं काढणाऱ्या मालकांना सगळे ‘जादूवाले साहेब’ म्हणत. लालबाई त्यांना ‘तो पोरगा’ म्हणत. साहेबांची साठी उलटली होती.

अंगणापलीकडे काचेच्या छपराची मोठी शेड होती. तिथे चित्रीकरण चाले. इतकी वर्षं काढली, पण लालबाईंनी त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. बाकीच्या बायका जेवणाच्या सुट्टीत जाऊन डोकावून येत आणि आल्यावर अमकं कसं केलं, तमकं कसं केलं, ते सांगायला लागत. लालबाई हात वर करून त्यांना गप्प करत. कसं केलं म्हणून विचारायचं म्हणजे त्या भोंदूपणाला मान दिल्यासारखं. शितावरून भाताची परीक्षा होते. त्यासाठी पातेल्यात जाऊन बसावं लागत नाही, असं त्या म्हणत. हळूहळू त्यांना सांगायला जाणं सगळ्यांनीच सोडून दिलं.

घरी धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी चिमी. भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. स्वभावाने इतका मऊ, की कुणीही यावं आणि अंगठा दाबून जावं. बायको गेल्यावर त्याने संसार बहिणीच्या हवाली केला, आणि तेव्हापासून घरातला शेवटचा शब्द लालबाईंचा होता. पहिलाही त्यांचाच. चिमीला त्यांनीच वाढवली, त्यांनीच रंगाच्या खोलीत पिवळ्यावर बसवली आणि शेडच्या दाराशीही फिरकायचं नाही, अशी तंबी दिली. तिथे जाणाऱ्या पोरी कशा होतात ते त्यांना माहीत होतं. कशा होतात, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

अशा चिमीने लग्नासाठी माणूस शोधला तो राक्षस.

राक्षस म्हणजे कारखान्यातला राक्षस. उंच, आडवा, जबडा फळीसारखा. प्रत्येक चित्रात राक्षसाचं काम त्याचंच. चहावाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत आणि तो ओ देई. त्याचा सगळा अभिनय भुवयांत होता. राग आला की दोन्ही वर, प्रेम जडलं की एक वर, मरताना दोन्ही खाली. गेल्या पाच चित्रांत त्याची जीभ लालबाईंनीच रंगवली होती. एखाद्याची जीभ इतक्या जवळून पाहिल्यावर त्याच्याबद्दल आदर राहणं कठीण.

चिमीने बापाला सांगितलं. बापाने बहिणीला सांगितलं, तेही चपला शोधत असल्यासारखा खाली बघत. लालबाई “बघते” एवढंच म्हणाल्या. आत्याने नाही म्हटलं तर बाप हो म्हणणार नाही, आणि बापाला दुखवून ती जाणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि त्याच आठवड्यात लालबाईंच्या टेबलावर रांजणाची पट्टी आली.

राक्षसाने नगराला लावलेली आग मंत्राच्या जोरावर परत येते, चहूकडून गोळा होऊन रांजणात शिरते आणि रांजणाचं तोंड मिटतं, असा चित्राचा शेवट होता. राक्षसाने हात वर करून उभं राहायचं, पऱ्यांनी बाजूला. लालबाई नेहमीसारख्या वरच्या चौकटीपासून खाली सरकत ज्वाला भरत चालल्या होत्या. ज्वाला चौकटीभर होत्या, मग आखडू लागल्या, आणि मध्येच त्यांचा कुंचला थांबला. एका कडेला राक्षसाने एका परीचं कोपर धरलेलं होतं. खालच्या चौकटीत तो तिला रांजणाकडे ओढत होता. आणखी खाली ती रांजणाला अगदी खेटून होती. मग त्याने तिचा हात सोडला आणि स्वतः मागे सरकला, दूर, पार दुसऱ्या टोकाला. परीच्या तोंडावर पांढऱ्या पावडरीचा थर, कपाळावर झिरमिळ्या. कोण ते कळत नव्हतं. पण राक्षसाचं तोंड स्वच्छ दिसत होतं, आणि त्याच्या भुवया जागच्या जागी होत्या.

म्हणजे हे नाटक नव्हतं. भडका उडाला, हा घाबरला, आणि त्याने एका पोरीला पुढे करून आपला जीव वाचवला. पडद्यावर डोळ्याची पापणी लवायच्या आत निघून जाणार, मेंढरांना काही दिसणार नाही. लालबाईंनी नाकातून एक लांब हसू सोडलं. त्यांना मनापासून समाधान झालं. पहिल्या प्रतीवर रंग फिसकटल्यामुळे ती टाकून दिलेली होती. तिच्यातला वीतभर तुकडा त्यांनी कापून पिशवीत घातला.

सुट्टीच्या दिवशी राक्षस चहाला आला. त्याला मागेपुढे कुणी नव्हतं, तेव्हा बोलणी करायलाही तो एकटाच. खांद्यात आवळणारा कोट घालून तो बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीत बसला आणि खुर्ची कुरकुरली. भाऊ खुशीत होता. चिमी आत कपबशा लावत होती. लालबाईंनी बशी सरकवावी तशी ती पट्टी त्याच्यापुढे सरकवली, आणि वर भिंग ठेवलं.

“हे ओळखतोस?”

शेडमधल्या कुणालाही त्या अरेतुरेच करत. त्याने पाहिलं. “रांजणाचं आहे.”

“हात कुणाचा धरलायस?”

त्याने आतल्या दाराकडे एकदा बघितलं. “एका परीचा.”

“कशाला?”

त्याने भिंग खाली ठेवलं.

“मग मी सांगते. भडका उडाल्यावर तुझी पाचावर धारण बसली. पोरीला फरफटत आगीच्या तोंडाशी नेऊन उभी केलीस आणि आपण पलीकडे पळालास. हे असलं माणूस आमच्या घरात जावई म्हणून यायचं.”

भावाने भिंग घेतलं, डोळ्याला लावलं, फिरवून पाहिलं आणि आपल्याला नुसतं लाल दिसतंय असं सांगितलं. लालबाईंनी त्याच्या हातातून ते काढून घेतलं.

“बोल की,” त्या राक्षसाला म्हणाल्या. “का पडद्यावर मुका तसा घरातही मुकाच?”

“मला नाही बोलता येणार,” तो म्हणाला. “मी शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“तेही नाही सांगता येणार.”

लालबाई नाकातून हसल्या. राक्षसाने टोपी उचलली आणि तो उभा राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. कुणीतरी सामान उतरवून घ्यावं आणि हात रिकामे व्हावेत, तसा तो दिसत होता.

चिमी बाहेर आली ती चहाचा ट्रे घेऊनच. ट्रे तिने दाणकन टेबलावर ठेवला.

“ती परी मी होते, आत्या.”

मग तिनेच पुढे सांगितलं. लालबाई दाढदुखीने घरी होत्या तो दिवस. एक परी आजारी पडली होती, म्हणून साहेब रंगाच्या खोलीत येऊन एक मुलगी घेऊन गेले. तीच गेली. आत्याला कळलं तर ती उभी चिरेल, म्हणून तिनेच ह्याच्याकडून वचन घेतलं होतं, की काहीही झालं तरी ती तिथे होती हे सांगायचं नाही.

“म्हणजे तुलाच ओढलं ह्याने आगीत?” लालबाईंचा आवाज चढला.

“आगीत नाही, आगीतून.” चिमीने बाही वर केली. दंडावर तळहाताएवढी गुलाबी कातडी होती. घरी तिने आधण सांडलं म्हणून सांगितलं होतं. “तू वरून खाली वाचलंस ना? आता खालून वर वाच.”

“का म्हणून?”

“अगं, आग कधी आपणहून रांजणात शिरेल का? रांजणात दारू ठासून भडका उडवला आणि कॅमेऱ्याचा दांडा उलटा फिरवला. पट्टीवर सगळं शेवटाकडून आलंय. दारू जास्त झाली होती आणि मी रांजणाला चिकटून उभी होते.” मग ती म्हणाली, “अख्ख्या खोलीला माहीत आहे. तुला कोण सांगणार? तू ऐकतेस कुठे.”

लालबाईंनी भिंग डोळ्याला लावलं. तळाच्या चौकटीत रांजण मिटलेला, चिमी त्याच्याशेजारी, राक्षस दूर टोकाला हात वर करून. तिच्या वरच्या चौकटीत एक ठिणगी. मग तो निघालेला. मग रांजणाजवळ. मग कोपराला हात. मग चौकटभर ज्वाला, त्यांच्याच कुंचल्याने भरलेल्या, आणि त्यातून तो तिला कडेला ओढत नेतोय. ज्वालांकडे पाठ त्याची, आणि ती त्याच्या पलीकडे. ज्वालांभोवती धूर होता आणि तो रांजणातून बाहेर फुटत होता, हेही आता दिसलं. धुराला रंग द्यायचा नसतो. धूर कुणाच्याच वाट्याचा नव्हता, म्हणून तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

त्यांनी पुन्हा एकदा तळापासून वाचलं. कुठेतरी काहीतरी खोट सापडेल म्हणून त्या प्रत्येक चौकटीत रेंगाळल्या. गाठ, दोरी, ठिपका, काहीही.

“हात धरायची रीत आहे का ही?” शेवटी त्या म्हणाल्या. “मुळा उपटल्यासारखा धरलाय.”

कुणी हसलं नाही. राक्षसाने मान लववून भावाचा निरोप घेतला आणि तो दाराकडे वळला. पाठमोरा झाला तेव्हा कॉलरच्या वर, मानेवरचे केस एका बाजूला पार जळून गेलेले दिसले. तिथे नवे, आखूड, बाळाच्या डोक्यावर असतात तसे केस येत होते. मघाशी तो आत आला तेव्हा लालबाईंना ते दिसले होते, आणि ह्याला केस झडायची चाईही लागली आहे, अशी मनात नोंद करून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

“उठलात कशाला?” लालबाई म्हणाल्या.

तो थांबला. भावाने ट्रेमधून उचललेला कप खाली ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं.

“बसा. चहा निवतोय.” मग त्या चिमीकडे वळल्या. “आणि तू बघत काय उभी राहिलीस? आतली लोखंडी खुर्ची आण. ही ह्यांच्या वजनाने मोडेल.”