लोकेशन पाहायला आलोय!

आमची फिल्म बारा मिनिटांची. एक चहा संपायच्या आत संपते. पण ती कुठे शूट करायची हे शोधत आम्ही पुण्यात सव्वा महिना भटकलो. त्या दिवसांचं सांगायला बसलं की चहाचे तीन राउंड होतात आणि उठताना कोणीतरी म्हणतंच, "अगं, तो किस्सा राहिलाच!" लोकेशन शोधावं लागतं, किस्से आपोआप अंगावर येऊन पडतात.

आम्ही तिघं. ओंकार दिग्दर्शक, समीना साउंड, आणि कॅमेरा माझ्याकडे. गोष्ट साधी. साठीच्या एक बाई नवऱ्यापासून लपून सायकल शिकतात. नवरा ते खिडकीतून पाहतो आणि शेवटपर्यंत काही बोलत नाही. बस! म्हणजे आम्हाला हवी होती एक उताराची गल्ली, एक मैदान, शेवटच्या शॉटसाठी पाणी, आणि खालचा रस्ता दिसेल अशी खिडकी असलेला एक हॉल. कॉलेजात हे सांगताना किती सोपं वाटलं होतं!

*

पहिला दिवस, कर्वेनगर. एका गल्लीला अगदी हवा तसा उतार. ओंकारने दोन्ही हातांची बोटं जुळवून चौकट केली आणि एक डोळा मिटून त्यातून पाहत तो हळूहळू मागे सरकायला लागला. सरकत सरकत थेट एका तळमजल्याच्या खिडकीला टेकला.

आतून आवाज आला, "काय चाललंय?"

"काही नाही काका, फ्रेम बघतोय."

काकांनी पेपर खाली केला. "चष्म्याचं दुकान पुढच्या चौकात. हे घर आहे."

*

ओंकारची चित्रकला यथातथाच, पण स्टोरीबोर्ड स्वतःच काढायचा हट्ट. चोवीस चौकटी काढल्या. त्या घेऊन आम्ही समीनाच्या घरी गेलो, कारण तिच्या अब्बांचं सायकल रिपेअरिंगचं दुकान आहे, तेही आजोबांपासूनचं. फिल्मसाठी सायकल तेच देणार होते.

अब्बांनी हात पुसले, चष्मा लावला आणि चोवीसच्या चोवीस चौकटी शांतपणे पाहिल्या. मग विचारलं, "बेटा, पायडल कुठंय?"

खरंच की! एकाही सायकलला पायडल नव्हतं. ओंकार दिग्दर्शकासारखा म्हणाला, "अब्बा, ती सायकल सिम्बॉलिक आहे."

"अच्छा," अब्बा म्हणाले. "मग हवा पण सिम्बॉलिकच भरू ना?"

*

बाईंची भूमिका ओंकारच्या शुभदामावशींची. वय एकसष्ट, शाळेतून रिटायर्ड, आणि सायकल खरोखरच येत नाही. ओंकार म्हणाला, "सोन्याहून पिवळं! ॲक्टिंग करायलाच नको."

शॉट ठरवायला आम्ही त्यांना एका शाळेच्या मैदानावर नेलं. मी कॅमेरा लावला. ओंकार मागे कॅरिअर धरून पळत होता. पळता पळता त्याला वाटलं, फ्रेम कशी दिसतेय बघावं. म्हणून त्याने कॅरिअर सोडला आणि माझ्याकडे आला.

मावशी गेल्या. सरळ गेल्या. फ्रेमच्या बाहेर गेल्या, मग मैदानाच्या गेटमधून बाहेर गेल्या! आम्ही तिघं बोंबलत मागे धावलो. रस्त्यावर डावीकडे नाहीत, उजवीकडे नाहीत. समीना तर रडायला लागली. ओंकार आईला काय सांगायचं, एवढंच पुटपुटत होता.

दहा मिनिटांनी लांबून मावशी येताना दिसल्या. सायकल हातात, केस विस्कटलेले, चेहरा लाल. ओंकार ओरडला, "अगं मावशी, थांबायचं नाही का?"

"तू कट कुठे म्हणालास?" मावशी म्हणाल्या.

आणि सायकल स्टँडला लावता लावता मला हळूच विचारलं, "आलं ना गं सगळं कॅमेऱ्यात?"

काहीच आलं नव्हतं. मी हो म्हणाले. तेवढं खोटं मी आजही मागे घेणार नाही.

*

फिल्ममधल्या बाईंची मुलगी आयटीत. ती आईशी फोनवर बोलते एवढाच शॉट, मागे काचेची इमारत हवी. म्हणून खराडी. मी एकटीच गेले होते. काचेसमोर उभी राहून मोबाइलवर अँगल बघत होते, तेवढ्यात गार्ड आला.

"काहून फिरून राह्यल्या इकडं?"

पुण्यात दोन वर्षं झाली, मी बोलणं पार घासूनपुसून घेतलंय. पण ते "काहून" ऐकलं आणि माझं वऱ्हाडातलं दर्यापूर एकदम उफाळून आलं. "काही नाही भाऊ, काचा पाहून राह्यली."

"कोन्या गावच्या तुमी?"

"दर्यापूर."

"अव्वं! माह्यी सासुरवाडी!"

झालं! त्याने मला कॅन्टीन दाखवलं, बेसमेंट दाखवलं, जनरेटर दाखवला. डब्यातली वांग्याची भाजी खाऊ घातली. माझी आई काय करते, भाऊ किती, सगळं विचारून झालं. शेवटी मी धीर करून म्हटलं, "भाऊ, मंग त्या काचेपाशी शूट करू का?"

भाऊंनी डबा बंद केला. "काच सोडून काहीबी माग, माय."

*

शेवटचा शॉट खडकवासल्याला. समोर पाणी, त्यावर उगवता सूर्य, आणि कडेने मावशी सायकलवरून जातात. जागा ठरवायला आम्ही पहाटे उठून गेलो. ट्रायपॉड पाण्याकडे तोंड करून लावला आणि कुडकुडत वाट बघत बसलो. उजाडलं. सूर्याचा पत्ता नाही.

कणसांची गाडी लावणाऱ्या एक आजी मघापासून बघत होत्या. म्हणाल्या, "लेकरांनो, सूर्य तुमच्या पाठीमागं हाय."

वळून पाहिलं तर चांगला हातभर वर आलेला! मी कपाळाला हात लावला. पण ओंकार हार मानतोय थोडाच? "नो प्रॉब्लेम! संध्याकाळी सूर्यास्त शूट करू आणि फिल्म उलटी फिरवू. सूर्य पाण्यातून वर येताना दिसेल!"

आजींनी शेगडीला वारा घालत विचारलं, "आन् बाई?"

"कोणती बाई?"

"ती सायकलवाली. सूर्य उलटा, तर ती बी उलटीच जाणार न्हव?"

*

आता शेवटचा. खिडकीचा.

ठरलेला हॉल ऐनवेळी गेला. त्या लोकांनी रंगकाम काढलं. सबमिशनला दहा दिवस. हॉल नाही तर नवरा नाही, नवरा नाही तर फिल्म नाही. शेवटी शुभदामावशींनी ओळखीतून कर्वेनगरातलाच एक फ्लॅट सुचवला. रविवारी अकरा वाजता, दोनशे चार. विंग "बी" की "डी", हे फोनवर समीनाने ऐकलं. तीही साउंडवाली!

ओंकारने त्या दिवशी कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घातला होता. बेल वाजवली. दार उघडणारे काकाही इस्त्रीत.

"नमस्कार, आम्ही पाहायला आलोय," ओंकार म्हणाला.

"या या! अगदी वेळेवर." काकांनी आमच्याकडे पाहिलं. "या बहिणी का?"

"नाही, टीम आहे. आम्ही सगळं मिळूनच ठरवतो."

"छान, छान. आपण काय करता?"

"डायरेक्टर आहे."

काका सोफ्यावर पुढे सरकले. "एवढ्या लहान वयात!" आणि आत बघून, "अगं, पोहे आण!"

आम्हाला वाटलं, काय प्रेमळ माणसं! खिडकी तर अशी, की मी बशी घेऊन तिथेच जाऊन उभी राहिले. खाली अख्खा रस्ता दिसत होता. मी ओंकारला अंगठा दाखवला.

ओंकार खूश होऊन म्हणाला, "काका, आम्हाला पसंत आहे."

"अहो, पण अजून..."

"दोनच दिवस लागतील. फार तर तीन. नंतर जसं होतं तसं परत करू."

काकूंच्या हातातला ट्रे वाकडा झाला. आणि आतल्या खोलीतून कोणीतरी खो खो हसायला लागलं.

तेवढ्यात बेल. दारात आई, वडील, मिठाईचा बॉक्स आणि मध्ये घामाघूम झालेला एक उंच मुलगा.

काकांनी त्या मुलाकडे पाहिलं, मग ओंकारकडे. "आपण नक्की कोणाला पाहायला आलात?"

ओंकारच्या तोंडात पोहे. त्याने बोट केलं. "खिडकी."

आतून मुलगी बाहेर आली. हसून हसून डोळे पुसत होती. अनुजा तिचं नाव. आमची विंग चुकल्याची सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाली, "बाबा, यांना खिडकी देऊन टाका. निदान एकाचं तरी लगेच ठरलं."

काकांनी दिली. पुढच्या शनिवारी शूटिंग. मी वर कॅमेऱ्यावर, अनुजा माझ्याशेजारी खिडकीत. तिने वरून हात केला की खाली एक जण रस्त्याच्या मधोमध उभा राहून गाड्या थांबवायचा, अगदी मन लावून. उंच होता. घामाघूम झाला होता.

एक रिक्षावाला वैतागला. "ओ साहेब, तुम्ही कोण लागून गेलात इथले?"

त्याने वर खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "अजून ठरायचंय!"