मागच्या आठवड्यात काय शिकवलंत?

अंबरनाथ स्टेशनजवळ मी पत्रकांच्या झेरॉक्स काढत होतो. मागणी एकच: बुवापाड्यातल्या मुलांना शिक्षक द्या! शेजारी पन्नाशीच्या एक बाई फॉर्म भरत होत्या. सरकारी शाळेतल्या शिक्षिका. बिनपगारी रजा घेऊन टांझानियातल्या शाळेत फुकट शिकवायला निघालेल्या. दुकानदाराला सांगत होत्या, ते ऐकून माझं डोकंच सटकलं.

"मॅडम, इथली पोरं वाऱ्यावर सोडून तिकडे समाजसेवा?"

त्या चिडल्या नाहीत. खडू झटकावा तशी बोटं झटकली, पण बोटांना नुसती शाई होती. फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"वाच रे बाबा. मागच्या आठवड्यात वर्गात काय शिकवलंत, विचारतायत. मी मांजर्लीत बिल्डिंगी चढून मतदारयाद्या तपासत होते. त्याआधी सर्वे. परवा माझ्याच वर्गात शिरले, तर दुसरीतली पोरगी विचारते, 'कोण पाहिजे तुम्हाला?'"

मी हादरलो. बाई शाळेतून पळत नव्हत्या, शाळा शोधत होत्या.

त्यांनी त्या रकान्यात लिहिलं, 'काहीच नाही.'

"अहो, असं लिहिलंत तर घेणार नाहीत! एखादा धडा लिहा ना ठोकून."

"आणि तिथल्या मुलांसमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?" म्हणत त्यांनी खाली सही केली.