ताटावरची नजर

आष्टीत आकांक्षाचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास निघायच्या: तिची कबड्डी आणि तिची भूक. शाळेच्या मैदानावरून धुळीनं माखून आली की ती थेट चुलीपुढं बसायची. आई साळूबाई तव्यावरची भाकरी तिच्या हातावर टाकत म्हणायची, "खा माय, अंगाला लागतंय तवर खा." तिच्या खाण्याचं घरात कौतुकच होतं.

लग्न होऊन ती जालन्यात आली. नवरा हरिओम एका बियाणे कंपनीत होता, कधी ऑफिसात, कधी फिरतीवर. माणूस व्यसनी नव्हता, हात उगारणारा नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी उरकून आकांक्षा लेकीला घेऊन परतली, तेव्हा तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत तो हसत म्हणाला, "आष्टीवाल्यांनी जरा जास्तच भरून पाठवलं की!" दुसऱ्याच दिवशी त्यानं दोघांच्याही मोबाईलवर एक ॲप टाकलं. खाल्लेलं त्यात लिहायचं, चाललेलं ते आपोआप मोजायचं. "आपण दोघं मिळून करू," तो म्हणाला. आकांक्षाला ते आवडलं. नवरा आपल्यासोबत काहीतरी करतोय, एवढ्यानंच ती सुखावली.

त्याचं महिनाभरात सुटलं. "माझं फिरतीचं काम. ढाब्यावर काय लिहीत बसू?" तिचं मात्र सुटेना, कारण तिची नोंद त्याच्या मोबाईलवर दिसायची. बाळाला पाजून कडकडून भूक लागली आणि दुपारी एक धपाटं जास्त खाल्लं, की ऑफिसातून फोन यायचा. "काय खाल्लंस? इथं लाल दाखवून राह्यलंय." त्या ॲपला धपाटं माहीतच नव्हतं. जवळपासचं काहीतरी निवडावं लागायचं आणि आकडा भलताच फुगायचा. मग ती लिहायचं टाळू लागली. ते ध्यानात आल्यावर तो ओरडला नाही. दुखावल्यासारखं तोंड करून म्हणाला, "मी तुझ्या भल्यासाठी करतो, अन् तू मलाच फसवतेस?" अशा माणसाशी भांडावं तरी कसं, तिला कळेना. ती पुन्हा सगळं लिहू लागली.

सासू गिरिजाबाई एकदाच बोलल्या, "लेकरू अंगावर पितंय, खाऊ दे की तिला." "आई, तुला यातलं काही कळत न्हाई," असं मुलानं म्हणताच त्या उठून नातीच्या पाळण्यापाशी गेल्या.

मुलीला सहावा महिना लागला. उष्टावण घरीच केलं. आकांक्षाचा भाऊ भारत मामा म्हणून भाचीला खीर भरवायला आला, साळूबाईही आली. लेकरानं खीर चाटून तोंड वेडंवाकडं केलं, तशी सगळी मंडळी खूश झाली. मग पंगत बसली. आकांक्षा आईच्या शेजारी होती. वाढणारी बाई पुऱ्या घेऊन तिच्यापाशी वाकली, तेवढ्यात समोरच्या ओळीतून हरिओमनं मोबाईल उंच धरला.

"तिला नका वाढू हो! तिचा आजचा कोटा सकाळीच संपला."

अख्खी पंगत हसली. हरिओमही हसला, त्याच्या लेखी ती थट्टाच होती. साळूबाईनं आपल्या ताटातली पुरी उचलून लेकीच्या ताटात ठेवली. आकांक्षानं ती परत सारली.

"नको माय. भूक न्हाई."

जन्मात पहिल्यांदा ती आईशी असं बोलली होती. साळूबाईनंही मग ताट अर्धंच सोडलं.

त्या दिवसापासून अन्न तिच्या घशाखाली उतरेना. ॲप मात्र खूश होतं. रोज हिरवी खूण, रोज शाबासकी. हरिओम मित्रांना दाखवायचा. शेजारची मोनाली आली, "ताई, माझ्यापण मोबाईलवर टाकून द्या ना ते ॲप," म्हणाली, आणि आकांक्षानं टाकून दिलं. हळूहळू दूध आटलं. लेकरू वरच्या दुधावर गेलं. केस विंचरताना पुंजके हातात येऊ लागले. एका सकाळी पीठ मळता मळता ती ओट्यापाशी कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहून विचारलं, "या खातात काय?"

हरिओमनं लगेच मोबाईल पुढं केला. "मॅडम, सगळी नोंद आहे. रिझल्ट तर एकदम चांगला आहे."

बाईंनी तो हातानं बाजूला केला, औषधं लिहिली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. आकांक्षा खाटेवरून बघत होती. कोणीतरी त्याला चारचौघांत झापावं, एवढीच तिची इच्छा होती. कोणी झापलं नाही.

भारत तिला आष्टीला घेऊन गेला. काही दिवसांनी हरिओम भेटायला आला. तो चूक कबूल करील असं तिला वाटलं होतं. अंगणातल्या खुर्चीवर बसून तो म्हणाला, "आता बारीक छान दिसून राह्यलीस. फक्त एवढं टिकव." भारत ताडकन उठला. आकांक्षानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"तुम्ही जा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी येत न्हाई."

पण ती दिवाळीनंतर गेली. लेकरू बापाचं होतं, आणि घर मोडण्याइतकं काही घडलंय असं भावकीत कोणालाच वाटत नव्हतं. मारलं का? न्हाई. पितो का? न्हाई. मंग?

हरिओम आता काही विचारत नाही. ॲपही त्यानं स्वतःच काढून टाकलं. पण ती त्याच्यासमोर जेवत नाही. तो ऑफिसला गेला की ओट्यापाशी उभ्या उभ्या, दाराकडं बघत, घाईघाईनं खाते.

"बस की बाई, बसून खा," गिरिजाबाई म्हणतात.

"झालंच आत्या," म्हणत ती तोंडातला घास संपायच्या आतच ताट धुवायला घेते.