त्या दुपारी मी कोलंबोत होते

इथले अनुभव मी रोज वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसते. सगळी नोकरी शाळेत पी.टी. शिकवण्यात गेली. डोळ्यांना दिसतं आणि शिट्टी मारली की थांबतं, तेवढंच खरं असं मानणारी मी बाई. अंगात येणं, झपाटणं, असलं काही आमच्या घरात कोणी मानलं नाही. तरी आज लिहायला बसले, कारण या अनुभवात जी दिसली ती मी स्वतःच होते... आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही.

साल बासष्ट-त्रेसष्टचं. आमचं घर बेटेगावात, बोईसरपासून चालत जाण्याइतकं. तारापूरचा प्रकल्प अजून उभा राहायचा होता, कारखाने तर नव्हतेच. घर भाजीच्या वाडीत, शेजारी कोणी नाही. ओहोळापलीकडे एक पाडा, तिथे लाडकीबाई राहायची. आसपासच्या गावांत बाळंतपणं तीच करायची. माझी आई लहानपणीच गेली. घरी बाबा, मी आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली माझी मंगलताई.

त्याच सुमारास मुलींच्या व्हॉलीबॉल संघात माझी निवड झाली. सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेत स्पर्धा होती, काही देशांचे संघ येणार होते. आमच्या गावातली पोरगी परदेशात, तेही खेळायला... लोक मुद्दाम घरी येऊन बघून जायचे. पण ताईला या अवस्थेत सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी नको म्हणायला लागले तेव्हा तीच वैतागली.

"जा तू. मला अजून महिना हाय. इथं बसून काय करणार? माझ्या पोटाकडं बघत बसणार?"

बाबांनी मासवणहून आत्याला बोलावून घेतलं आणि मी निघाले.

मद्रासला आम्ही सगळ्या जमलो. किट तिथेच हातात पडलं — आकाशी शर्ट, पाठीवर पांढरा नंबर, पांढरी हाफपँट. घरच्यांनी, गावातल्या कोणीही ते पाहिलेलं नव्हतं. एवढं लक्षात ठेवा. पुढे धनुष्कोडीपर्यंत गाडी, मग बोट, पलीकडे पुन्हा गाडी. बोटीत निम्म्या जणी ओकत होत्या. मला मात्र मजा वाटत होती.

दुसऱ्या मॅचला दुपारचं कडक ऊन होतं. मागे जाणारा बॉल उचलायला मी धावले आणि मैदानाकडेच्या लोखंडी खांबावर कपाळ आपटलं. पुढचं मला ठाऊक नाही. शुद्धीवर आले तेव्हा तंबूत बाकावर होते, डोक्याला पट्टी बांधलेली. आमची कॅप्टन उषा पुण्याची. ती शेजारी बसून होती.

"घाबरवलंस बाई," ती म्हणाली. "बराच वेळ पडून होतीस. आणि सारखी 'चल, चल' म्हणत होतीस. एवढं लागलं तरी तुला खेळायचंच होतं!"

मलाही तसंच वाटलं. टाके पडले, उरलेल्या मॅचेस मी बाहेर बसून पाहिल्या. आम्ही तिसऱ्या आलो आणि घरी निघालो.

बोईसर स्टेशनवर बाबा बैलगाडी घेऊन आले होते. माझी पेटी गाडीत ठेवता ठेवता ते म्हणाले, "भाची झाली तुला."

दिवस भरायला अजून अवकाश होता. ताईचं विचारायला तोंड उघडेना. बाबांनी ते ओळखलं. "बरी हाय ती. दोघी बऱ्या हायत. बस गाडीत." मी गाडीत बसले आणि रडले. सुटल्यासारखं रडणं असतं ना, तसं.

घरी पोचले तर ओटीवर लाडकीबाई पोरीला तेल लावत होती. माझ्या कपाळाकडे बघून घरातले सगळे चरकले. तिने मात्र नुसती मान वर केली.

"भरली का गं जखम? त्या दिशी तं फडका बांधलेला व्हता."

"कुठल्या दिवशी?"

"मना बोलवायला आलती तवा."

मला वाटलं, म्हातारीची काहीतरी गफलत होतेय. पण ती शांतपणे सांगत गेली. "मी भात कांडत व्हती. तू दारात येऊन ऊबी रायली. बोलली, लाडकीबाय, ताईकडं चल, आत्ताच चल. मी बोलली, तू तं परदेसात गेलती ना? तू वळली नि चालाय लागली. आंगात आबाळाच्या रंगाचा शर्ट नि पोरांसारकी आकूड चड्डी. पाठीवर सफेद कायतरी लिवलेला. मनाच लाज वाटली तुजी. ओहोळ उतरलो, वाडीत आलो, नि मंग तू कुठं गेली समजला नाय. तेवड्यात आतून मंगलचा आवाज आला."

माझी पेटी अजून गाडीतच होती. उघडलीही नव्हती.

त्या दिवशी मासवणला कोणीतरी वारलं म्हणून आत्या सकाळीच निघून गेली होती आणि बाबा भाजी घेऊन पालघरला. दुपारी ताईच्या पोटात अचानक कळा सुरू झाल्या, अंगावरून जायला लागलं. हाक मारायला माणूस नाही. ती दारापर्यंतही पोचू शकली नाही. "मी तुला नाय पाह्यली, सिंधू," ताई म्हणाली. "लाडकीबाय आत आली नि विचारते, शिंदू कुठं गेली? मला वाटलं, मलाच भ्रम होतोय." नंतर पालघरच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, दाई उशिरा आली असती तर दोघींचं कठीण होतं.

भाचीच्या जन्माचा दिवस आणि माझ्या मॅचचा दिवस एकच. मी कितीदा पडताळला असेल.

बाबा म्हणायचे, दुसरीच कोणी पोरगी असेल. असेल. पण त्या कपड्यांत? कपाळाला पट्टी बांधून? आणि अख्ख्या बेटेगावात तेव्हा हाफपँट घालणारी दुसरी कुठली पोरगी होती? शिवाय तसं कोणी आलं असतं तर पुढे कधीतरी कळलंच असतं ना...

एकदा मी लाडकीबाईला विचारलं, "मी अशी मधेच दिसेनाशी झाले, तुला भीती नाही वाटली?"

ती हसली. "भ्यायची कशाला? तू काय मेलेली व्हती?"

भाची आता स्वतः आजी झालीय, बोईसरलाच असते. स्वतःच्या वाढदिवसाला ती मला फोन करते. दरवर्षी म्हणते, "मावशी, तू वेळेवर आलीस म्हणून मी आहे." मी म्हणते, "अगं, मी कुठे आले होते? मी तर कोलंबोत बाकावर आडवी होते." म्हणते खरी, पण त्या बेशुद्धीत मी नक्की कुठे होते ते मला आजही सांगता येत नाही.